शुक्राची पुढची फेरी

आज रविवार, १६ फेब्रुवारी २०२५. रात्रीची जेवणं आटोपून तुम्ही रेडिओ लावला असेल, कुणाच्या घरी उद्याच्या डब्यांची तयारी चालू असेल. ती चालू द्या. मी फक्त एक विचारतो. गेल्या पंधरा दिवसांत संध्याकाळी कामावरून घरी येताना पश्चिमेकडे पाहिलंत का? समोरच्या घरांच्या छपरांवर एक चांदणी दिसते. इतकी ठळक, की विमान येतंय असं वाटावं. पण विमान पुढे सरकतं आणि ही जागेवरच असते. ती शुक्राची चांदणी. या आठवड्यात ती सर्वात जास्त तेजस्वी आहे आणि महिन्याभरात संध्याकाळच्या आकाशातून नाहीशी होणार आहे. म्हणून आजचा विषय हा.

आधीच सांगतो, मी खगोलशास्त्राचा माणूस नाही. आयटीत सल्लागार म्हणून काम करतो, एमबीए केलंय, आणि घरात जी दुर्बीण आहे ती क्रिकेट बघायला घेतलेली आहे. मला शुक्राची गोडी लागली ती माझ्या वडिलांमुळे. तीही उशिरा, आठ वर्षं उशिरा.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. साताऱ्याला एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवर खिडकीत बसून कुठली गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, याची नोंद ठेवायची. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. घरी जुनी पंचांगं सुतळीने बांधून ठेवलेली. आई दरवर्षी म्हणायची, रद्दीत घाला. अप्पा म्हणायचे, "ही वरच्या गाड्यांची वेळापत्रकं आहेत, असू देत."

२०१६ च्या डिसेंबरात आमची मुलगी झाली. आई-अप्पा तेव्हा पहिल्यांदा इंग्लंडला आले, आमच्या स्विंडनच्या घरी. तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील इथल्या जानेवारीत आले असतील त्यांना माहीत आहे, चार वाजता दिवे लावायचे आणि मग रात्र संपता संपत नाही. आईला नातीत वेळ पुरायचा नाही. अप्पा मात्र खिडकीत बसून राहायचे. एक दिवस म्हणाले, "इथं जवळ जुने दगड आहेत म्हणे. एकदा दाखव."

ते एव्हबरीबद्दल बोलत होते. स्टोनहेंज सगळ्यांना माहीत असतं, पण तिथे तिकीट, दोरी, आणि हिवाळ्यात अंधार पडायच्या सुमाराला बाहेर काढतात. एव्हबरी आमच्यापासून दक्षिणेला अर्ध्या तासावर. दगडांचं वर्तुळ म्हणाल तर स्टोनहेंजपेक्षा कितीतरी मोठं, जगातलं सर्वात मोठं. बाहेरच्या वर्तुळाचा व्यास ३३० मीटरच्या आसपास. भोवती खोल खंदक आणि मातीचा बांध. हे सगळं इसवी सनापूर्वी २८५० ते २२०० या काळात टप्प्याटप्प्याने झालेलं. आणि गंमत म्हणजे या वर्तुळाच्या आतच आज गावातली घरं आहेत, मधून गाडीरस्ता जातो, पबही आहे. दगडांना हात लावता येतो. मेंढ्या त्यांच्या आडोशाला बसलेल्या असतात.

मी "नेतो, नेतो" म्हणत तीन आठवडे काढले. शेवटी ३१ जानेवारी २०१७ ला निघालो. मंगळवार होता, माघी गणेश जयंती. आईने तिळाचे लाडू केले होते. अप्पांनी दोन रुमालात बांधून घेतले. माझा प्रोजेक्ट रिलीजच्या आदल्या आठवड्यात होता, तरी दुपारनंतर निघालो. तुम्ही ओळखलंच असेल पुढे काय झालं. गाडी लावली आणि फोन वाजला. मी अप्पांना म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मी पाच मिनिटांत आलो." गाडीतच बसून कॉल घेतला. तो पाऊण तास चालला.

दिवसभर आभाळ भरलेलं होतं. मी कॉल संपवून दगडांपाशी पोचलो तेव्हा अंधारत आलं होतं आणि अप्पा एका उंच दगडाशेजारी उभे होते, कानटोपी घालून, हातात खिशातली डायरी.

"दिसला," ते म्हणाले.

"काय दिसलं?"

"शुक्र. शेजारी चतुर्थीची कोर आणि एक लाल ठिपका, मंगळ असणार. ढगाला दहा मिनिटं फट पडली होती. आता बुजली."

मी म्हटलं, "असू दे, उद्या बघू."

अप्पा म्हणाले, "उद्या चंद्र पुढे गेलेला असेल. हाच देखावा इथंच बघायचा तर आता आठ वर्षांनी."

मला वाटलं, म्हातारा रागावलाय. मी कसंनुसं हसलो आणि गाडी सुरू केली. तो विषय तिथेच संपला. एप्रिलमध्ये ते दोघं परत गेले.

आता हे आठ वर्षांचं काय, ते सांगतो. मला स्वतःला ते कळायला मागचा डिसेंबर उजाडावा लागला. मुलीच्या जन्माचे कागद शोधताना त्या फायलीत डायरीचं एक फाडलेलं पान सापडलं. अप्पांनी पेनाने काढलेलं चित्र. एक दगड, वरच्या बाजूला खांदा उतरल्यासारखा तिरका. शेजारी छोटा खांब. वर कोर, चांदणी आणि एक ठिपका. खाली लिहिलेलं, "माघ शु. ४. ३१-१-१७. पुढची फेरी २०२५."

मी एक्सेल उघडलं. दुसरं काय येतं आम्हाला? शुक्र सूर्याभोवती एक फेरी साधारण २२५ दिवसांत मारतो, आपण ३६५ दिवसांत. दोघं एकाच दिशेने फिरतो, तो आतल्या मार्गावरून. त्यामुळे तो दर ५८४ दिवसांनी आपल्याला गाठून पुढे जातो. गाठायच्या आधीचे काही महिने तो आपल्याला संध्याकाळी दिसतो, पुढे गेला की पहाटे. सूर्यापासून तो ४७ अंशांपेक्षा लांब कधीच दिसत नाही, म्हणून मध्यरात्री डोक्यावर शुक्र असं होत नाही. आता ५८४ ला ५ ने गुणा. २९२०. आणि ३६५ ला ८ ने गुणा. तेही २९२०. म्हणजे त्याने आपल्याला पाच वेळा गाठेपर्यंत आपली बरोबर आठ वर्षं होतात, आणि तो त्याच तारखांना आकाशात त्याच जागी येतो. लीप वर्षांचे दोन दिवस धरले तर जेमतेम दोन दिवस लवकर येतो. २०१७ मध्ये तो सूर्यापासून सर्वात लांब दिसला १२ जानेवारीला, या वर्षी १० जानेवारीला. तेव्हा तो आपल्या आणि सूर्याच्या मधून गेला २५ मार्चला, या वर्षी जाईल २३ मार्चला. मी पंचवीस वर्षं प्रोजेक्ट प्लॅन करतोय. आठ वर्षांत दोन दिवसांचा फरक, तोही उशीर नाही, लवकर, असं मी अजून पाहिलेलं नाही.

आणि चंद्र? अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवस. असे ९९ महिने म्हणजे सुमारे २९२३ दिवस. पुन्हा तीच आठ वर्षं. म्हणून तीच तिथी त्याच तारखेच्या आसपास येते. २०१७ ची माघी चतुर्थी ३१ जानेवारीला, २०२५ ची १ फेब्रुवारीला. अप्पांनी हे गणित केलेलं नव्हतं. त्यांनी जुनी पंचांगं शेजारी शेजारी ठेवली होती. शुक्राचा अस्त आला की लग्नाचे मुहूर्त थांबतात, म्हणून पंचांगात अस्त आणि उदय ठळक छापलेले असतात. दर आठव्या पंचांगात ते त्याच महिन्यात, तीन-चार तिथींच्या फरकाने पडतात, हे स्टँडवरच्या माणसाच्या नजरेतून सुटलं नाही.

हे काही फक्त त्यांच्याच लक्षात आलेलं नाही. बॅबिलोनच्या लोकांनी अम्मीसदुका राजाच्या काळात शुक्राच्या उदय-अस्ताच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यांची मातीच्या विटेवरची नक्कल ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या पोथीत ५८४ दिवसांची कोष्टकं आहेत. ज्यांनी ज्यांनी चिकाटीने पाहिलं आणि लिहून ठेवलं, त्या सगळ्यांना हे सापडलं. लागतं एवढंच, की लिहिणाऱ्याने आठ वर्षं टिकायचं, नाहीतर वही पुढच्याच्या हातात द्यायची.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगतो, कारण इंटरनेटवर वाटेल ते ऐकायला मिळतं. एव्हबरीचे दगड शुक्रासाठी उभारले असा काही पुरावा नाही. स्टोनहेंजची मांडणी उन्हाळ्यातल्या सर्वात मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाशी आणि हिवाळ्यातल्या सर्वात लहान दिवसाच्या सूर्यास्ताशी जुळते, हे खरं आहे. एव्हबरीबद्दल तसं ठामपणे म्हणता येत नाही. पण आपल्या कामाला त्याची गरजही नाही. आकाशातली गोष्ट परत आली हे ओळखायचं तर जमिनीवर काहीतरी न हललेलं लागतं. घरं बदलतात, झाडं वाढतात, समोर नवी इमारत येते. दगड तिथेच असतो.

म्हणजे, बहुतेक दगड तिथेच असतात. त्यावरून यंदाच्या १ फेब्रुवारीकडे येतो.

अप्पा आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी बायपास झाली, डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास नको म्हणून सांगितलंय. त्या शनिवारी दुपारी सव्वा वाजता त्यांचा व्हिडिओ कॉल आला. साताऱ्यात पावणेसात वाजले होते. अंगणातली खुर्ची, मागे तुळस. फोन आकाशाकडे धरला, पण स्क्रीनवर नुसताच काळोख. "मला दिसला," म्हणाले. "कोर शेजारीच आहे. आता तुमच्याकडे निघालाय. चार तासांत पोचेल."

मुलीने विचारलं, "आजोबा, चतुर्थीचा चंद्र बघायचा नसतो ना?"

"ते भाद्रपदातल्या चतुर्थीला. माघात आपल्या घरी तसं काही नाही. बघ बिनधास्त."

चार तासांत पोचेल, हे मला आधी विनोदी वाटलं होतं. पण तसंच आहे. साताऱ्यातला सूर्यास्त आणि इथला सूर्यास्त यांत त्या दिवशी साधारण चार तासांचं अंतर होतं. शुक्र आधी त्यांच्या अंगणावरून जातो, मग दुबईकरांना सव्वा तासाने, मग आपल्याला, आणि अजून पाच-सव्वापाच तासांनी न्यू जर्सीच्या मंडळींना. आणि आपल्याकडे अंधार पडून तो नीट दिसायला लागतो तोवर साताऱ्यात तो मावळलेला असतो. म्हणजे अप्पांनी आणि मी एकाच वेळी तो पाहणं शक्य नाही. त्यांचा पाहून झाला की मग माझ्याकडे येतो. एकाच वेळी बघायचा तर एकाच जागी उभं राहायला हवं. ती संधी २०१७ मध्ये होती.

मी, मुलगी आणि ते डायरीचं पान, असे साडेतीनला निघालो. फोन मी गाडीत ठेवणार होतो, पण फोटो काढून पाठवायचा होता, म्हणून विमान मोडवर टाकला.

दगड मुलीनेच शोधला. पान हातात धरून एकेका दगडापाशी जायची, मान तिरकी करायची आणि "नाही" म्हणायची. मध्येच थांबून तिने विचारलं, "बाबा, हे काँक्रीटचे छोटे खांब कशाला?" मला माहीत होतं, तिला सांगितलं. मध्ययुगात गावकऱ्यांनी यातले बरेच दगड पाडून पुरले. अठराव्या शतकात तर खड्ड्यात जाळ करून दगड तापवायचे, वरून पाणी ओतायचे आणि फोडायचे, बांधकामाला. विल्यम स्टुकली नावाच्या माणसाने ते डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलं, चित्रं काढली. मग १९३० च्या दशकात अलेक्झांडर कीलर आला. त्याच्या घराण्याचा पैसा संत्र्याच्या मुरंब्याचा, मार्मलेडचा. त्याने पुरलेले दगड उकरून पुन्हा उभे केले, आणि जिथला दगड कायमचा गेला तिथे हे खांब लावले. म्हणजे इथे कोणीतरी होतं, एवढं तरी कळावं.

"म्हणजे आजोबांनी काढलेला हा खांब म्हणजे नसलेला दगड?"

"हो."

मग तिने खांबांच्या शेजारचेच दगड पाहिले आणि पाच मिनिटांत खांदा उतरलेला दगड सापडला. बांधावरून वारा येत होता. आभाळ करडं होतं. आम्ही दगडाला पाठ टेकून तिळाचे लाडू खाल्ले आणि थांबलो.

अप्पा परत गेल्यावर मी एकदा वाचलं होतं की आपल्याकडेही अशी वर्तुळं आहेत, विदर्भात. नागपूरजवळ जुनापाणीला दगडांची शेकडो वर्तुळं आहेत, लोहयुगातली, एव्हबरीपेक्षा बरीच अलीकडची. ती दफनाच्या जागांभोवती आहेत, आणि काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. नागपूरच्या मंडळींनो, पुढच्या वेळी घरी गेलात तर मुलांना घेऊन जा. मी अजून गेलेलो नाही.

सव्वापाचच्या सुमारास ढग फाटला. एकदम नाही, आधी कड उजळली. मग नैर्ऋत्येला, क्षितिजापासून तीन मुठींच्या वर, शुक्र. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंशांची असते. आणि शेजारी बारीक कोर. मुलीने पान वर धरलं, आकाशाकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे.

"बाबा, लाल ठिपका कुठे गेला?"

तो नव्हताच. मंगळ या वर्षी पूर्वेला आहे, मिथुन राशीत, पार दुसऱ्या बाजूला. चंद्र आणि शुक्र आठ वर्षांनी भेटतात, पण मंगळाचं वेळापत्रक वेगळं. मी तिला म्हटलं, "त्याची गाडी वेगळ्या मार्गावर आहे." ती म्हणाली, "मग सगळं सेम नाही झालं." खरं आहे. सगळं तसंच परत येत नाही.

फट पंधरा मिनिटं राहिली. आम्ही फोटो काढला, दगड, कोर, शुक्र. साताऱ्यात रात्रीचे अकरा वाजत आले होते, तरी पाठवला. लगेच निळ्या खुणा उमटल्या. अप्पा जागे होते. दोन मिनिटांनी आवाजी निरोप आला. मी तो अजून पुसलेला नाही. "दगड तोच आहे. या खेपेला तू खाली उतरलास ते बरं केलंस. पोरीला सांग, पुढची फेरी २०३३, माघातच. पान तिच्याकडे ठेव."

२०१७ मधला तो कॉल कशाबद्दल होता हे मला आज सांगता येणार नाही. मी आठवून पाहिलं, नाही आठवत.

घरी आल्यावर मुलीने पानाच्या मागच्या बाजूला आपलं चित्र काढलं. ठिपका काढला नाही, त्या जागी छोटा खांब काढला. खाली लिहिलं, "२०३३". तेव्हा ती सोळा वर्षांची असेल. अप्पा पंच्याऐंशी. गणित तेवढं सांगतं, बाकीचं सांगत नाही.

आता तुमच्यासाठी कामाचं. शुक्र अजून तीन-साडेतीन आठवडे संध्याकाळी आहे. सूर्य पूर्ण मावळू द्या, मगच दुर्बीण बाहेर काढा. सूर्याकडे दुर्बीण कधीच वळवायची नाही, हे मुलांना आधी सांगा. दुर्बीण भिंतीला किंवा गाडीच्या टपाला टेकवून स्थिर धरा. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून साध्या दुर्बिणीतूनही शुक्र गोल दिसणार नाही, चंद्रासारखी छोटी कोर दिसेल. तो आपल्या जवळ येतोय, त्याचा आकार मोठा होतोय आणि उजेडाची बाजू आपल्यापासून वळतेय. गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून हेच पाहिलं आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो याची खात्री पटली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कोर नखाएवढी बारीक होईल आणि चांदणी फार खाली उतरेल. त्यानंतर ती पहाटेची.

एव्हबरीला जायलाच हवं असं नाही. गावातल्या चर्चचा मनोरा घ्या, शाळेचं छप्पर घ्या, आपलं धुराडं घ्या. जे हलणार नाही असं काहीतरी. एका ठरलेल्या जागी उभे राहा, मुलाला चित्र काढायला लावा, तारीख आणि तिथी लिहा. कागदावर लिहा, फोनमध्ये नको, फोन आठ वर्षं टिकत नाही. आणि ज्यांचे आईवडील तिकडे आहेत त्यांनी दुपारी एकच्या सुमारास घरी फोन करा आणि विचारा, शुक्र दिसला का. ते विचारतील, आज हे काय मध्येच. सांगा, तुमच्याकडून निघाला की आम्हाला कळवा.

तुमच्या मुलांची चित्रं आली तर पुढच्या कार्यक्रमात आपण त्यांची नावं वाचू. आता थोड्याच वेळात आपल्या निवेदिका अरुण दाते यांच्या आवाजातलं शुक्रताऱ्याचं गाणं लावणार आहेत. ते ऐका. आणि उद्या संध्याकाळी पाऊस नसला तर पाच मिनिटं बाहेर या. फोन आला तर वाजू द्या.

शुभ रात्री.